पेढ्यांचं प्रमाणपत्र

लेस्टरहून डब्लिनला पेढे पाठवायचे असतील तर जनावरांच्या डॉक्टरची सही लागते. पेढ्यात दूध आलं, दूध म्हणजे जनावर आलं, आणि जनावर आलं की युरोपीय युनियनच्या नियमांप्रमाणे सरकारमान्य पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आलं. सही छपाईपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईत हवी, शिक्काही वेगळ्या रंगाचा हवा. माल पोचण्याआधी युनियनच्या संगणकावर वर्दी द्यायची, डब्लिन बंदरातल्या तपासणी नाक्यावर कागद दाखवायचे, आणि त्यांच्या मनात आलं तर खोकं उघडूनही दाखवायचं. आयर्लंडला इंग्रजी प्रमाणपत्र चालतं एवढीच सवलत. तोच माल कॅलेमार्गे गेला असता तर फ्रेंचमध्येही लागलं असतं.

३१ डिसेंबर २०२०च्या रात्री अकरा वाजेपर्यंत यातलं काहीही नव्हतं. मिठाईवाला संध्याकाळी व्हॅन भरायचा, व्हॅन होलिहेडला रात्रीच्या बोटीत चढायची, आणि सकाळी पेढे डब्लिनच्या दुकानात.

इंग्लंडमध्ये मी कस्टम्सच्या कागदपत्रांचं काम करते. त्याआधी मुंबईत फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे होते, न्हावाशेव्याच्या फेऱ्या मारत, बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिलं भरत. ज्यांची पेढ्यांची खोकी जायची ते आमची जुनी पार्टी. काका मूळचे राजकोटकडचे, लहानपण युगांडात गेलं, आणि १९७२मध्ये ईदी अमीननं आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं तेव्हा आईवडिलांबरोबर लेस्टरला आले. सरहद्दी, शिक्के आणि जप्त्या या माणसानं लहानपणीच पाहिलेल्या. तरीही पशुवैद्याची गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. "बेन, दूध तेच, कढई तीच, खाणारा तोच. डॉक्टर कशाला?" मी म्हटलं, "काका, सगळं तेच आहे. पण ते तेच आहे असं आता कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे."

ब्रेक्झिटबद्दल टीव्हीवर आणि पार्लमेंटात जे काही बोललं गेलं त्यातलं बरंचसं मी विसरले. काकांना दिलेलं हे उत्तर मात्र मला अजूनही पुरेसं वाटतं. एकाच युनियनमध्ये असताना शेजारी एकमेकांचा शब्द प्रमाण मानतात. बाहेर पडल्यावर शब्द जातो आणि त्याच्या जागी पुरावा येतो. मग वाटाघाटी होतात त्या प्रत्यक्षात एवढ्यासाठीच, की कोणत्या गोष्टीला किती पुरावा मागायचा आणि तो तपासायचा कुणी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. ब्रेक्झिटनं बऱ्याच जणांचं नुकसान केलं, पण माझ्या धंद्याचं भलं केलं. युरोपशी व्यापार करणाऱ्या ज्या छोट्या दुकानदारांनी जन्मात कस्टम्सचा फॉर्म पाहिला नव्हता, ते सगळे एका रात्रीत आमचे गिऱ्हाईक झाले. त्यांच्या डोकेदुखीवर आमच्या ऑफिसची पोळी भाजली गेली.

करार जाहीर झाला तो २४ डिसेंबर २०२०ला, नाताळच्या आदल्या दिवशी. बाराशेहून अधिक पानं, आणि अंमल आठवड्याभरात. वर्तमानपत्रांनी मथळे दिले: जकात शून्य, कोटा शून्य. ते खोटं नव्हतं. पण शून्य जकात कुणाला, हे आतल्या पानांत होतं. इथून तिकडे जाताना ब्रिटनमध्ये बनलेल्या, आणि तिकडून इकडे येताना युनियनमध्ये बनलेल्या मालाला. आणि बनलेला म्हणजे काय, याच्या व्याख्या मालागणिक वेगळ्या.

सोलापूरचा टॉवेल घ्या. तो न्हावाशेव्याहून कंटेनरनं फेलिक्स्टोला उतरला, आयातदारानं इथली ड्यूटी भरली आणि माल मिडलंड्समधल्या गोदामात ठेवला. त्यातले काही गठ्ठे डब्लिनच्या एका हॉटेलला विकले. पूर्वी हा ब्रिटिश बाजारातला माल म्हणून सरळ गेला असता. आता आयरिश कस्टम्स विचारणार, टॉवेल विणला कुठे? सोलापुरात. म्हणजे हा ब्रिटिश माल नव्हे, शून्य जकात याला लागू नाही, पुन्हा ड्यूटी भरा. एकाच टॉवेलवर दोनदा. यातून वाट काढता येते. माल बॉन्डेड वेअरहाउसमध्ये ठेवला तर इथली ड्यूटी वाचते, किंवा डब्लिनचे गठ्ठे भारतातूनच वेगळे मागवता येतात. मोठ्या कंपन्यांनी तेच केलं. ज्याच्याकडे दोन खोल्यांचं गोदाम आणि एक पुतण्या हिशेबाला, त्यानं डब्लिनचं गिऱ्हाईक सोडून दिलं. मार्क्स अँड स्पेन्सरच्या डुकराच्या आकाराच्या गोळ्यांची गोष्ट त्या जानेवारीत खूप गाजली. गोळ्या जर्मनीत बनायच्या, इंग्लंडच्या गोदामात यायच्या आणि तिथून आयर्लंडच्या दुकानात जायच्या. युनियनमध्ये बनलेली वस्तू युनियनमध्येच परत जाताना जकातीच्या कचाट्यात सापडत होती, कारण मधे इंग्लंडचं गोदाम पडत होतं.

पेढ्यांचं त्याहून बिकट. जकातीचे पैसे भरले की मोकळं होता येतं; पुराव्यात पैसे चालत नाहीत. छोट्या व्यापाऱ्याचा माल स्वतंत्र ट्रकनं जात नाही, दहा जणांचा माल एका ट्रेलरमध्ये भरतात. एका खेपेला त्या ट्रेलरमध्ये काकांचे पेढे होते, अगरबत्त्या होत्या, स्टीलची भांडी होती, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी चीज होतं. चीजच्या प्रमाणपत्राच्या एका पानावर शिक्का उमटवायचा राहिला होता. डब्लिनला सगळा ट्रेलर बाजूला घेतला. ड्रायव्हरचे फोनवर फोन. चीजवाल्याचा पशुवैद्य शनिवार-रविवारच्या सुट्टीवर, नवं प्रमाणपत्र सोमवारशिवाय नाही. नाक्यावरचा आयरिश अधिकारी अत्यंत सौजन्यानं बोलत होता, त्यालाही वाईट वाटत होतं, पण सौजन्यानं शिक्का उमटत नाही. माल सुटला तेव्हा दुकानदारानं पेढे उचलायला नकार दिला. दोष ना काकांचा, ना त्या अधिकाऱ्याचा. चीजवाल्याचाही म्हणाल तर एका शिक्क्यापुरता.

इतर देशांमधल्या व्यापारी करारांत दोन परके एकमेकांच्या जवळ येत असतात. आज जकात अमुक टक्के आहे, उद्या कमी करू. आज तुमचं प्रमाणपत्र आम्ही मानत नाही, उद्या मानू. दोघंही घरी जाऊन काहीतरी मिळवलं असं सांगू शकतात. ब्रिटन आणि युनियनची बोलणी उलट्या दिशेनं होती. सुरुवातच अशा टोकापासून की अंतर शून्य आहे, आणि आता किती लांब जायचं ते ठरवा. अशा बोलण्यांत कुणी कितीही हुशार असला तरी आदल्या दिवसापेक्षा चांगलं काही हाती येऊ शकत नाही. जे येतं त्याला विजय म्हणावं लागतं, आणि मग त्या शब्दाची लाज राखण्यासाठी आणखी ताठ राहावं लागतं.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात आपल्या लक्ष्मणरेषा आखल्या: सामायिक बाजारपेठ नको, कस्टम्स युनियन आजच्यासारखी नको, युरोपीय न्यायालयाचा अधिकार नको. तोवर बाहेर पडत असल्याचं पत्रही युनियनला गेलं नव्हतं. ते गेलं २९ मार्चला. युनियनचे वाटाघाटी करणारे मिशेल बार्निए यांनी वर्षअखेरीस या रेषांचंच एक चित्र काढून दाखवलं. उतरत्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एकेका देशाचा झेंडा. नॉर्वेची पायरी घ्याल तर अमुक रेषा पुसावी लागेल, स्वित्झर्लंडची घ्याल तर तमुक, तुर्कस्तानची घ्याल तर तिसरी. रेषा तशाच ठेवल्या तर उरते कॅनडा आणि दक्षिण कोरियाची पायरी. त्या चित्रात धमकी नव्हती. समोरच्याचीच वाक्यं त्याला ओळीनं लावून दाखवली होती. तीन वर्षांनी करार झाला तो जवळपास त्याच पायरीवर.

बोलण्यांचा क्रमही युनियननं ठरवला. आधी देण्याघेण्याचा हिशेब, एकमेकांच्या देशात राहणाऱ्या नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सरहद्द. हे मिटल्याशिवाय व्यापाराचं नाव नाही. ब्रिटनच्या मंत्र्यांनी या क्रमावरून उन्हाळाभर भांडू असं आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात जून २०१७च्या पहिल्याच बैठकीत क्रम मान्य झाला. आमच्या धंद्यात ज्याला घाई असते तो भाव हरतो. मुदतीची तारीख ब्रिटनच्या डोक्यावर होती, युनियनच्या नव्हे.

आयर्लंडची सरहद्द हा या सगळ्याचा गाभा. इंग्लंडमधल्या पुष्कळ सुशिक्षित लोकांना तो उगाच मधे आणलेला अडथळा वाटायचा. त्यांना एक गोष्ट आठवत नव्हती, किंवा शाळेत कधी शिकवली नव्हती. ब्रिटनच्या शेजाऱ्यानं एक राजकीय युनियन आधीच सोडून पाहिली होती, आणि ती युनियन ब्रिटनची होती.

१९२२मध्ये आयर्लंडच्या बत्तीसपैकी सव्वीस परगणे युनायटेड किंगडममधून बाहेर पडले. सहा उत्तरेला राहिले. १ एप्रिल १९२३पासून बेटावर कस्टम्सची सरहद्द आली. शेतं, वाड्या, काही ठिकाणी घरं कापत गेलेली. तरी आयर्लंडची गुरं विकली जात ती इंग्लंडच्या बाजारात, आयर्लंडच्या चुलीत कोळसा जळे तो इंग्लंडचा, आणि आयरिश पौंड इंग्लिश पौंडाला बांधलेला राहिला तो थेट १९७९पर्यंत. झेंडा बदलला, पण बाजार होता तिथेच राहिला.

भांडण पेटलं दहा वर्षांनी. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी आयरिश शेतकऱ्यांना ब्रिटिश सरकारनं जुन्या काळी कर्जं दिली होती. त्यांचे हप्ते लंडनला जात. एमन डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि १९३२मध्ये त्यांनी हे हप्ते लंडनला पाठवायचे थांबवले. ब्रिटननं आयरिश मालावर, मुख्यतः गुरांवर, वीस टक्के जकात बसवली. आयर्लंडनं उलट इंग्लंडच्या कोळशावर आणि इतर मालावर बसवली. या झगड्याला इतिहासात आर्थिक युद्ध म्हणतात, पण मेली ती वासरं. बाजारच उरला नाही, तेव्हा सरकारनं वासरं मारून कातडी दिल्याबद्दल शेतकऱ्यांना बक्षिसी दिली. सरहद्दीवर रात्री गुरं हाकत नेणाऱ्यांची चंगळ झाली. १९३५मध्ये दोघांनी गुपचूप एक व्यवहार केला: तुम्ही आमची गुरं थोडी जास्त घ्या, आम्ही तुमचा कोळसा घेतो. सगळं मिटलं १९३८ला, आयर्लंडनं एकरकमी एक कोटी पौंड देऊन. मुक्त व्यापाराचा करार व्हायला आणखी सत्तावीस वर्षं गेली, १९६५ उजाडलं.

हे वाचताना मला आपल्याकडचा ताग आठवतो. फाळणीत तागाची शेतं पूर्व बंगालमध्ये गेली आणि गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या. सप्टेंबर १९४९मध्ये भारतानं पौंडापाठोपाठ रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही. रुपयाला रुपया किती द्यायचा यावरून व्यापार अडला; शेतकऱ्याचा ताग तिकडे पडून आणि इकडे गिरण्यांना ताग नाही. पुढल्या वर्षी तात्पुरता तोडगा निघाला, पण तोवर दोघांनीही मनाशी ठरवून टाकलं होतं की पुन्हा शेजाऱ्यावर अवलंबून राहायचं नाही. इकडे तागाची लागवड वाढली, तिकडे गिरण्या उभ्या राहिल्या. रागाच्या भरात सुरू झालेल्या गोष्टी राग गेल्यावर थांबत नाहीत. त्यांच्यावर तोवर कुणाचा तरी संसार उभा राहिलेला असतो.

ब्रिटन आणि आयर्लंड १ जानेवारी १९७३ला एकाच दिवशी युरोपीय समुदायात शिरले, आणि मग हळूहळू सरहद्दीचा काटा बोथट झाला. १९९३च्या सामायिक बाजारपेठेनं कस्टम्सच्या चौक्या उठवल्या, १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्कराच्या उठल्या. ही सरहद्द सुमारे पाचशे किलोमीटर लांब आणि तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. बेलफास्टहून डब्लिनला बसनं निघालं की न्यूरी मागे पडल्यावर काही मिनिटांत वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये येतात, रस्त्याच्या कडेची रेघ पांढऱ्याची पिवळी होते, मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचा संदेश येतो. बस. मी गेले तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता आणि त्यावर आयर्लंडचा व्हिसा मी रीतसर घेतलेला. पर्समध्ये हाताशी ठेवला होता. तो बघायला कुणी आलंच नाही. शेजारची बाई विणत होती, तिची विणही थांबली नाही.

गावाकडे भाऊ वेगळे झाले की जमिनीचे तुकडे होतात, विहिरीचे होत नाहीत. विहिरीचं पाणी आणि तिच्याकडे जाणारी वहिवाट सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहून ठेवतात, कारण बांधावरून बोलणं बंद झालं तरी पाणी लागतंच. सिंगापूर १९६५मध्ये मलेशियातून बाहेर पडलं तेव्हा त्यांनी हेच केलं. जोहोरच्या पाण्याचे आधीचे दोन्ही करार वेगळं होण्याच्या करारातच पक्के करून घेतले. आयर्लंडमधली मोकळी सरहद्द ही तशी विहीर होती. उत्तरेतल्या गाईंच्या दुधाचा मोठा हिस्सा दक्षिणेच्या कारखान्यांत जातो, डब्लिनला बनलेली गिनेस बेलफास्टला जाऊन बाटल्या-डब्यांत भरली जाते आणि परत येते, विजेचा बाजार साऱ्या बेटाचा एकच. पण जून २०१६च्या सार्वमताच्या प्रचारात इंग्लंडमध्ये तिची चर्चा नाममात्र झाली. उत्तर आयर्लंडनं ५५.८ टक्के मतं राहण्याच्या बाजूनं दिली, आणि तरीही ते बाहेर पडलं.

मग सुरू झाला तो न सुटणारा प्रश्न. ब्रिटन बाहेर, आयर्लंड आत, मधे चौकी नको. मग तपासणी करायची कुठे? मे यांच्या करारात साऱ्या ब्रिटनलाच काही काळ युनियनच्या कस्टम्स व्यवस्थेत अडकवून ठेवण्याची तरतूद होती. पार्लमेंटनं तो करार तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर २३० मतांनी. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांनी ऑक्टोबर २०१९मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांची विरलमध्ये भेट घेतली आणि वाट निघाली: तपासणी समुद्रात ढकलायची. बेलफास्टच्या बंदरात, एकाच देशाच्या दोन भागांमध्ये. वराडकरांचे वडील आपल्याकडचे, मूळ सिंधुदुर्गातल्या वराडचे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या भेटीच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या कोजागरीला मात्र त्याशिवाय दुसरा विषय नव्हता, जणू सरहद्दीचा प्रश्न मालवणीत सुटला.

तो सुटला नव्हता. उत्तरेतल्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनशीच जोडलेलं राहू पाहणाऱ्यांना, समुद्रातली रेघ हा विश्वासघात वाटला. आणि युरोपीय युनियनचा शहाणपणाही दर वेळी शाबूत नव्हता. २९ जानेवारी २०२१ला कोविड लशींच्या वादात युरोपीय आयोगानं जॉन्सन यांच्या करारातलं आणीबाणीचं सोळावं कलम वापरायची घोषणा केली. म्हणजे ज्या सरहद्दीसाठी चार वर्षं नीतीचे धडे दिले, तिच्यावरच निर्बंध आणायची तयारी. काही तासांत माघार घेतली, पण बेलफास्टमधल्या ज्यांना संशय होता त्यांना पुरावा मिळाला. पुढे युनियनवाद्यांच्या डीयूपी पक्षानं फेब्रुवारी २०२२मध्ये सरकार सोडलं आणि उत्तर आयर्लंडला दोन वर्षं सरकारच नव्हतं.

तोडगा निघाला फेब्रुवारी २०२३ला विंडसरमध्ये, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लाएन यांच्यात. त्याचं वर्णन करताना राजेशाही गावाचं नाव आलं म्हणून वजन आलं असेल, आतला मजकूर आमच्या धंद्यातला आहे. बेलफास्टच्या दुकानातच विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेनं, पुढे दक्षिणेत जाण्याची शक्यता असलेला लाल मार्गिकेनं. हिरव्या मार्गिकेतल्या दुधामांसाच्या पाकिटांवर ‘युरोपीय युनियनसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पट्टी. ब्रिटननं आपल्या मालाच्या नोंदी युनियनला संगणकावर प्रत्यक्ष बघू द्यायच्या. पाच वर्षांची आरडाओरड, राजीनामे, आणि शेवटी दोन रांगा, एक लेबल आणि एक पासवर्ड. हे मी हिणवून म्हणत नाही. हे आधी का सुचलं नाही असंही मी विचारणार नाही. सुचलं होतं, पण नोंदी दाखवायला आणि त्यांवर विसंबायला जी किमान सभ्यता लागते ती तोवर शिल्लक नव्हती. तिची भरपाई पानांनी होत नाही.

मासेमारीबद्दल फार लिहीत नाही. दोन्हीकडच्या अर्थव्यवस्थेत तिचा वाटा नगण्य, आणि तरी २०२०चा करार शेवटच्या रात्रीपर्यंत माशांवर अडला होता. युनियनच्या वाट्यातले पंचवीस टक्के साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे यावेत असं ठरलं. २०२१च्या मेमध्ये जर्सी बेटाच्या बंदराला फ्रेंच मासेमारांनी वेढा घातला आणि ब्रिटननं नौदलाच्या दोन गस्ती बोटी पाठवल्या. मासा टीव्हीवर दिसतो, प्रमाणपत्र दिसत नाही.

बाहेर पडून काहीच मिळालं नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल, आणि कोकणातल्या माणसासमोर तर मला म्हणवणारच नाही. १ मे २०१४ला, ऐन हंगामात, युरोपीय युनियननं फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा बंद केला. त्याबरोबर अळू, कारलं, वांगं आणि पडवळही. हापूस खाणारे गिऱ्हाईक मुख्यतः ब्रिटनमध्ये, नियम अठ्ठावीस देशांचा. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भाजीवाल्यांना ब्रुसेल्स नावाचं काही असतं हे त्या दिवशी कळलं. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली, पण एक हंगाम गेला तो गेलाच. आता तसा निर्णय लंडनमध्ये होतो. भारताशी ब्रिटननं स्वतःचा व्यापार करार केला, २४ जुलै २०२५ला त्यावर सह्या झाल्या, आणि आमच्या टॉवेलवाल्या पार्टीचा फोन त्याच संध्याकाळी आला. युनियनमध्ये राहून ब्रिटनला हे करता आलं नसतं. फक्त, त्या करारानं सोलापूरचा टॉवेल ब्रिटनमध्ये स्वस्त येईल. डब्लिनच्या हॉटेलात तो ब्रिटनमार्गे गेला तर त्याचं उत्तर पूर्वीचंच.

गेल्या काही वर्षांत दुरुस्तीची कामं चालू आहेत. होरायझन या युरोपीय संशोधन योजनेत ब्रिटन जानेवारी २०२४पासून पुन्हा सामील झालं. त्याच वर्षी ब्रिटननं युनियनकडून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आपल्या बाजूची तपासणी एकदाची सुरू केली, अनेकदा पुढे ढकलून. दुसऱ्यानं आपला ट्रक अडवला म्हणून ओरडणाऱ्यांना तीन वर्षं स्वतःचा नाका उभारणं जमलं नव्हतं, आणि उभारल्यावर महागाईची भीती वाटत होती.

मे २०२५मध्ये पंतप्रधान किअर स्टार्मर आणि फॉन डेर लाएन भेटले ते त्याच लँकेस्टर हाउसमध्ये. युनियनच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८पर्यंत मासेमारी करू द्यायची, आणि अन्नपदार्थ, जनावरं आणि वनस्पती यांच्या आरोग्य नियमांबद्दल एक सामायिक करार करायचा, असं ठरलं. तो झाला तर पशुवैद्याच्या बहुतेक सह्या बंद होतील. बदल्यात ब्रिटनला या विषयांतले युनियनचे नियम पाळावे लागतील, पुढे बदलतील तसे बदलून, आणि ते ठरवताना मतदानाचा हक्क नसेल. मत असताना नियम जाचक वाटले म्हणून बाहेर पडलेला देश मत नसताना तेच नियम घेणार. विरोधक याला शरणागती म्हणतात, आणि तत्त्व म्हणून पाहिलं तर त्यांचं चूक नाही. मी दोन्ही बाजूंचे कागद रोज हाताळते, म्हणून माझं मत तत्त्वाकडे कमी झुकतं. दूध उकळण्याच्या तापमानाबद्दल ब्रिटनला वेगळं काही म्हणायचं आहे असं गेल्या इतक्या वर्षांत माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही. ज्या बाबतीत आपल्याला वेगळं वागायचंच नाही, तिथे वेगळं वागण्याच्या अधिकारासाठी प्रत्येक खोक्यामागे किती पैसे मोजायचे, एवढाच हिशेब मला दिसतो.

आमच्या ऑफिसात यावर सध्या दोन तट आहेत. २०२१नंतर घेतलेली मुलं आता कुठे तयार झाली आहेत. आरोग्य प्रमाणपत्राचं पान न पान त्यांना पाठ. मालकांपैकी एक म्हणतो, आणखी दोघं घ्या, भारताच्या करारानं काम वाढणार. दुसरा म्हणतो, थांबा, युरोपचं काम कमी होणार. मुलं मला विचारतात, मॅडम, पुढे काय शिकू? मी त्यांना मालाच्या मूळ देशाचे नियम शिकायला सांगते. आरोग्याचा करार झाला तरी ते राहणार आहेत, कारण कस्टम्स युनियनमध्ये परत जायचं सरकार अजून तरी म्हणत नाही.